टोप आजीचा, मांस रेड्याचे



कुडाळात भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा आम्हाला जात कुणी विचारली नाही. आडनाव ऐकून ज्याला जे कळायचे ते कळत होते, आणि शिवाय हल्ली माणसे सुशिक्षित झाली आहेत. हल्ली विचारतात, "तुम्ही खाता काय?" पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून आम्हाला हसूच आले. सिंधुदुर्गात हे काय विचारायचे? इथे सोमवार, गुरुवार आणि श्रावण सोडला तर भटजींच्या शेजारीही बांगडा भाजल्याचा वास येतो. कोंबडी-वडे तर जिल्ह्याची ओळख म्हणून पर्यटकांना विकले जातात. घरमालकीणबाईंनी मग स्पष्टीकरण दिले, "तसा नॉनव्हेज चालता हो, पण तसला काय नको."

हा "तसला" शब्द लक्षात ठेवावा. शाकाहार विरुद्ध मांसाहार असा वाद जिथे नाही, तिथेही ताटाची उतरंड शिल्लक असते, हे त्या एका शब्दात आले. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, दोन वर्षांच्या वर्गात इतकी नेमकी व्याख्या ऐकली नव्हती.

खोली आम्ही घेतली, कारण गरज होती. "तसले" न शिजवण्याचे वचन मात्र दिले नाही. बाईंनी ते मागितलेही नाही, त्या गृहीत धरून बसल्या. पुढे चुलतभाऊ आखातातून सुट्टीवर आला आणि त्याने एक यंत्र आणून दिले. चिनीमातीचे जाड भांडे, बाहेरून विजेचे कवच, वर काचेचे झाकण. मंद आच आणि जरा जास्त आच एवढीच दोन बटणे. २०० वॅट. आठ तास चालवले तर दीड-पावणेदोन युनिट. याला स्लो कुकर म्हणतात. त्याने ते आणले कामावर जाणाऱ्या माणसाची सोय म्हणून. आमच्या लक्षात आधी दुसरीच गोष्ट आली: याला शिट्टी नाही.

ज्यांनी भाड्याच्या घरात मोठ्याचे मटण शिजवले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रेशर कुकरच्या आठ-दहा शिट्ट्या म्हणजे जाहीर सभाच. बारक्याच्या मटणाला इतक्या लागत नाहीत, हे शेजाऱ्यांना पाठ असते.

कायदा काय म्हणतो ते इथेच सांगून टाकू, कारण आपलेच कार्यकर्ते त्यात गोंधळ करतात. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात गाय कापायला बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती करून बैल आणि वळू त्यात आणले. राष्ट्रपतींची संमती मिळून ती दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली. कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दुसऱ्या राज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला होता, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचे होते. ही दोन्ही कलमे मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केली. नागरिकाने घरात काय खावे यात सरकारने नाक खुपसणे हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे, असा त्यामागचा विचार होता. कत्तलबंदी मात्र कायम राहिली. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन ते कापता येतात. म्हणजे आमच्या भांड्यात जे शिजते ते रेड्याचे असते आणि पूर्ण कायदेशीर असते. पण रस्त्यात पिशवी अडवणाऱ्या पोरांना कलमे कोण वाचून दाखवणार? आम्ही आजही ती पिशवी बॅगेच्या तळाशी, वर पालेभाजी ठेवून आणतो. कायदेशीर वस्तू चोरट्यासारखी आणावी लागते, आणि त्याचा राग आम्हाला घरमालकिणीच्या प्रश्नापेक्षा जास्त येतो.

बैलाचे काय झाले तेही बघा. इथला शेतकरी भाताचे खाचर आता पॉवर टिलरने नांगरतो. म्हातारा बैल विकून चार पैसे यायचे ते बंद झाले. मग तो बैल सुटतो आणि पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर येऊन बसतो. रात्री दुचाकीवाल्याला दिसत नाही. यात कुणाचे रक्षण झाले, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता खरी अडचण. ती घरमालकिणीची नाही आणि सरकारचीही नाही. ती आमच्या घरातली आहे.

शनिवार-रविवार आम्ही मालवण तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत जातो. तिथे आजी असते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ती मासे खाते, कोंबडी खाते, सुक्या जवळ्याशिवाय तिची पेज उतरत नाही. पण मोठ्याचे खात नाही. आम्ही पहिल्यांदा स्लो कुकर घेऊन गेलो आणि त्यात काय घालणार हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बापाशीन सोडल्यान, आमी कधी हात लावक नाय. तुमका खावचां असात तर खावा. माझ्या टोपात शिजवू नकात."

तिच्या बापाने सोडले ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. पाण्याचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असेही सांगितले होते. महाड कोकणातले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा नव्हता, मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १९८१ साली तो वेगळा झाला. महाडचा निरोप मुंबईच्या गिरणीत कामाला असलेल्या माणसांकडून वाडीवाडीत आला आणि पणजोबांसारख्यांनी तो अमलात आणला. गावाचे मेलेले ढोर ओढायचे नाही, खायचे नाही. गावाने याबद्दल काय-काय वागवले ते आजी सांगते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एम.ए.ला असताना एका प्राध्यापकांनी हे सगळे "संस्कृतीकरण" म्हणून शिकवले होते. एम. एन. श्रीनिवासांची ती प्रसिद्ध कल्पना: खालची जात वरच्या जातीचे आचार उचलते, मांस-मद्य सोडते आणि शिडीवर एक पायरी चढू पाहते. महारांनी गोमांस सोडले, म्हणून संस्कृतीकरण. आम्ही तेव्हा गप्प बसलो, कारण उत्तर सुचले नाही. आता सुचते. ज्या वर्षी मृतमांस सोडायला सांगितले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. शिडी चढू पाहणारा माणूस शिडी जाळतो का? आणि आजी जर ब्राह्मणाची नक्कल करत असती तर तिने बांगडाही सोडला असता. तिच्या बापाने सोडला तो गावगाड्याने लादलेला हक्क नावाचा अपमान: तुम्ही आमचे मेलेले ओढा आणि मोबदला म्हणून तेच खा. यात शुद्धीचा संबंध येत नाही. हा संप होता.

पण मग आम्ही काय करतो आहोत? हा प्रश्न आजीने विचारला नाही, आम्हीच स्वतःला विचारला. पणजोबांनी जे स्वाभिमानाने सोडले ते आम्ही स्वाभिमान म्हणून खातो, हे कसे?

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस तो अर्पण आहे. त्यात त्यांनी मांडले की वैदिक काळी ब्राह्मण स्वतः गोमांस खात होते. बौद्ध धम्माशी झालेल्या झगड्यात त्यांनी ते सोडले, गाय पवित्र ठरली, आणि जे गावाबाहेरचे पराभूत लोक मेलेल्या गाईचे मांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले. म्हणजे मांस हे कारण म्हणून वापरले गेले. या ग्रंथातून कुणाला "गोमांस खा" असा आदेश काढायचा असेल तर तो त्यात नाही. "गोमांस खाऊ नका" असाही नाही.

बौद्ध असून मांस कसे, असे वारंवार विचारणारे भेटतात. विशेष म्हणजे हे विचारणारे स्वतः बौद्ध नसतात. विनयात भिक्खूंनाही त्रिकोटी-परिशुद्ध मांस चालते: आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, तसा संशय नसावा. देवदत्ताने मांस कायमचे बंद करण्याची मागणी केली तेव्हा बुद्धांनी ती नाकारली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा असणे यात फरक केला. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे, मांस न खाण्याची नाही. पण प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती आपण सोयीने विसरतो. आम्ही रोज मांस खात नाही. ज्या मित्राला फेसबुकवर ताटाचे फोटो टाकणे हीच क्रांती वाटते, त्याच्याशी आमचे जमत नाही. ताट उघडपणे मांडता आले पाहिजे हे मान्य. ताटच चळवळ आहे हे अमान्य.

मराठीत या ताटाबद्दल लिहिले गेले ते उशिरा. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्न-आठवणींची पुस्तिका काढली. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. त्यात मराठवाड्यातले चान्यांसारखे पदार्थ आहेत, म्हणजे मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवलेल्या. आमच्या कोकणातल्या वाड्यांचे असे पुस्तक अजून कुणी लिहायला हवे, आणि त्यात आजीसारख्या न खाणाऱ्यांचे प्रकरणही हवे.

बरे, शिजवायचे कसे? नळीचा किंवा मांडीचा चिवट भाग एक किलो घ्यावा. स्वस्त असतो, आणि मंद आचेला तोच चांगला. त्यातले चिवट धागे तासन्‌तास उष्णता मिळाली की विरघळून रश्शाला दाटपणा येतो. कोवळा भाग घेतलात तर भुसा होईल. तुकडे आधी तव्यावर कांद्याबरोबर लालसर परतावेत, कारण या भांड्यात रंग येत नाही. बटाटे तळाशी घालावेत. ऐकून नवल वाटेल, पण मंद आचेत बटाटा मांसाच्या मागे राहतो. आले-लसूण, मालवणी मसाला, मीठ, चार आमसुले. तिरफळ नको, ते बांगड्याला. पाणी जेमतेम दोन वाट्या, कारण वाफ बाहेर जातच नाही. भाजक्या खोबऱ्याचे वाटप शेवटच्या अर्ध्या तासात. आणि झाकण उघडून बघायचे नाही. दर वेळी उघडले की आच मागे जाते. भारतीय माणसाला ही अट सगळ्यात कठीण.

या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत इरविंग नॅक्सन नावाच्या ज्यू माणसाने १९४० साली त्याचे पेटंट घेतले. शब्बाथच्या दिवशी ज्यूंना चूल पेटवता येत नाही, म्हणून लिथुआनियात त्याच्या घरचे लोक शुक्रवारी संध्याकाळी चोलेंट नावाचा रस्सा गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत. निवणाऱ्या भट्टीत तो रात्रभर शिजे. ही आठवण नॅक्सनला आईने सांगितली होती.

तर गेल्या जुलैत वाडीवर रात्री दहाला भांडे लावले. एकच्या सुमारास वाऱ्यापावसात लाईट गेली. पंखा थांबला तशी जाग आली. भांडे अजून गरम होते, पण अर्धे कच्चे मांस कोमट होऊ दिले तर सकाळी फेकावेच लागणार. चिनीमातीचे भांडे चुलीवर ठेवता येत नाही, तडकते. टोप हवा होता, आणि टोप सगळे आजीचे.

आजी जागीच होती. अंधारात तिने विचारले, "काय झाला गो?" आम्ही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठली, बॅटरी घेऊन पडवीत गेली आणि कोपऱ्यातला भात उकडायचा जुना, बूड काळे झालेला टोप ओढून काढला. "ह्यो घे. ह्येच्यात आता कोण काय उकडत नाय." पंधरा माणसांचा टोप, आणि त्याच्या तळाशी आमचे एक किलो. न्हाणीजवळच्या पाणी तापवायच्या चुलीत तिने स्वतः चुडते पेटवले, लाकडे ओली होती म्हणून नारळाची सोडणे घातली. आम्ही म्हटले, तू झोप. ती झोपली नाही. पाटावर बसून सोडणे मागे-पुढे सारत राहिली. मंद आच कशी ठेवायची हे तिला कुठल्या बटणाने शिकवले नव्हते.

सकाळी सातला तिने आपली पेज आणि सुका जवळा घेतला. मग चुलीपाशी येऊन म्हणाली, "शिजलां काय गो?"

"शिजलां."

"मगे गरम आसा तवसर खावा. थंड झाल्यार चरबी टाळ्याक चिकटता, असा माझी आजी सांगी." आणि ती कोंबड्या सोडायला गेली.