पुन्हा ‘चंद्रकांता’

बालपणी जिवापाड आवडलेले पुस्तक उतारवयात पुन्हा उघडणे हे धाडसाचेच काम होय. ज्या वाड्याने एके काळी डोळे दिपविले, तो आता ठेंगणा तर भासणार नाही ना, अशी धास्ती मनात असते. याच धास्तीने एका वृद्ध गृहस्थांनी ‘चंद्रकांता’ पुन्हा हाती घेण्याचे पुष्कळ वर्षे टाळले होते.

देवकीनंदन खत्री यांची ही हिंदी कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. केवळ ती वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, अशी तिची ख्याती आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची ही कथा. तिच्यात कपटी शत्रू आहेत, ‘तिलिस्म’ नावाचे गूढ, मायावी बांधकाम आहे आणि पाहता पाहता रूप पालटणारे ऐयार आहेत. त्यांच्या बटव्यात बेशुद्ध करणारी पूड असते, तसाच शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो.

बाराव्या वर्षी त्या गृहस्थांनी हे पुस्तक वाचले नव्हते. अधाशासारखे गिळले होते. डोंगर, दऱ्या, झरे यांचे वर्णन आले, की तो मुलगा पाने उलटून पुढे पळे. साठीनंतर रहस्य ठाऊक होते आणि म्हणूनच घाई नव्हती. वगळलेली ती पाने आता प्रथमच वाचली गेली. काशीजवळच्या चकिया व नौगढच्या अरण्यांचा ठेका खत्रींकडे होता आणि तेथील जुने भग्नावशेष त्यांनी हिंडून पाहिले होते, हे आता त्यांना माहीत होते. त्यामुळे कथेतील रान खरे वाटू लागले.

तिलिस्मातील दगडी बगळा माणसाला गिळतो, तेव्हा त्या मुलाला घाम फुटला होता. तो बगळा त्याला राक्षसच वाटला. वृद्ध वाचकाला मात्र बगळ्यामागची यांत्रिक करामत दिसली आणि ती रचणाऱ्या कल्पक कारागिराचे कौतुक वाटले.

मोठा बदल झाला तो आवडत्या पात्रात. लहानपणी त्यांना वीरेंद्रसिंह व्हावेसे वाटे. आता दिसले, की राजपुत्र विरहाने व्याकूळ होतो, तेव्हा बहुतेक संकटे निवारतो तो त्याचा मित्र तेजसिंह. चंद्रकांतेची सखी चपलाही चातुर्यात कोणाला हार जात नाही. शिवाय ऐयार एकमेकांना कैद करतात, पण ठार मारीत नाहीत. शत्रुत्वातही पाळलेली ही मर्यादा त्या मुलाच्या लक्षातच आली नव्हती.

उणिवाही दिसल्या. खलपुरुषाचे नावच क्रूरसिंह. त्याच्याविषयी शंका घ्यायला जागाच नाही! योगायोगही फार. आणि दिव्याच्या उजेडात वाचताना अंगावर जो काटा येई, तो काही परत आला नाही. ती हानी खरी होती. तिची भरपाई कोणत्याही जाणतेपणाने होत नाही. तथापि धास्ती मात्र खोटी ठरली. वाडा ठेंगणा झाला नव्हता; त्याची न पाहिलेली दालने उघडली होती.

हल्ली त्यांची बारा वर्षांची नात ते पुस्तक वाचीत आहे. वर्णने आली, की तीही पाने उलटून पुढे पळते. शेवटी काय होते, हे ती रोज विचारते. आजोबा हसतात, पण सांगत नाहीत.