चान्यांची कृती

मराठी घरांत छापील पाककृती रुजवण्यात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा वाटा मोठा. १९७० साली आलेल्या या पुस्तकातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी नवख्या हातांनाही स्वयंपाकाचा धीर दिला. पाककृती लिहिणारे आजही त्याच वाटेने जातात: साहित्य, प्रमाण, कृती. पण या मांडणीत एक गोष्ट न बोलता धरलेली असते. घरात तेल आहे आणि हवे ते साहित्य विकत आणता येते.

२०१५ मध्ये शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने नेमके हेच गृहीत मोडले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतली रक्ती (शिजवलेले रक्त), वजरी (जनावराचे पोट), चान्या त्यांनी नावानिशी नोंदवल्या. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांच्या अनुवादातून त्या इंग्रजीतही गेल्या.

चान्यांचेच बघा. मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, उन्हात कडक वाळवायच्या, मग लागतील तशा भाजायच्या किंवा शिजवायच्या. एवढीच कृती. पण वाळवायचे कशाला? मेलेले जनावर ओढण्याचे काम गावाने महारांवर लादलेले, त्यामुळे मांस एकदम पुष्कळ हाती यायचे आणि पुढे कित्येक दिवस काहीच नसायचे. टिकवायला ऊन तेवढे फुकट! म्हणून ‘मटण घेतले तरी चालेल’ अशी तळटीप इथे चालत नाही. तिने चव बदलतेच, शिवाय पदार्थाचे कारणच पुसले जाते.

त्यातच २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. आज चान्यांची कृती लिहायची तर साहित्यात म्हशीचे मांस लिहावे लागते, आणि हा बदल का झाला हेही तिथेच सांगायला हवे.

याहून नाजूक बाब वेगळीच आहे. मृत जनावरांचे मांस सोडा, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत बजावले आणि असंख्य घरांनी ते मानाने सोडले. त्या घरांतल्या आजीकडे आज ‘अस्सल चव’ मागत जाणे उद्धटपणाचे आहे. तिने काय शिजवले याइतकेच तिने काय शिजवायचे थांबवले, आणि का, हेही पाककृतीत यायला हवे. अर्थात, ती सांगायला तयार असेल तरच.