अम्मीचे कपडे, आमचे टाके

अम्मीच्या इंतकालानंतर तिचे बहुतेक कपडे आम्ही गरजूंना देऊन टाकले. सात सुती साड्या आणि नमाजचा पांढरा दुपट्टा मात्र मी पुण्याला घेऊन आले, आपाला न विचारता. त्यानंतर आठ महिने आपा माझ्याशी नीट बोलली नाही. ईदला फोन केला, तोही "सगळे खैरियतने ना?" एवढ्यापुरताच.

शेवटी मीच गाठोडं घेऊन चिपळूणला गेले. म्हटलं, "आपा, गोधडी करू या. एकच, दोघींची."

ती काही बोलली नाही. पण उठून सुयांचा डबा काढला.

मी कागदावर चौकटी आखून नेल्या होत्या. मध्ये गडद, कडेला फिके. भिंतीवर टांगली तर चित्रासारखी दिसावी. आपाने कागद बाजूला ठेवला आणि एकेक साडी उजेडाकडे धरली. "आधी कापड बघ. विरलेलं वर लावलंस तर दोन धुण्यांत फाटेल. ते आत घालायचं, धड असेल ते वर." तिचं खरं होतं. पण त्या हिशेबात अम्मीची आवडती जांभळी साडीच आत जाणार होती. लाल साडीवर तिने ओला पांढरा फडका घासला, तर रंग उतरला. मग ती वेगळी धुवत बसलो, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

दुपट्ट्याच्या पांढऱ्या पट्ट्या कापून तुकड्यांमध्ये लावायच्या, असा माझा बेत होता. कात्री आपाच्या हातात होती. ती थांबली. "हा कापायचा नाही. आणि पायाकडे तर येताच कामा नये." म्हणून तो अख्खाच, घडी घालून सिरहान्याला लावला. त्याची लांबी तीच गोधडीची रुंदी ठरली.

थर अंथरून कच्चे टाके घातले आणि समोरासमोर बसून धावदोरा सुरू केला. कडेने सुरुवात करायची, बोटभर अंतर सोडून ओळीमागून ओळ आत सरकायचं. त्यामुळे थर सरकत नाहीत. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायाही आपली कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. ते मी एका प्रदर्शनात पाहिलं होतं. आपाला सांगितलं, तर तिने आत घातलेल्या जांभळ्या साडीचा उरलेला काठ पुढे केला. "मग याची कर."

पहिल्या दिवशी आमच्यामध्ये पाच फूट अंतर होतं. चौथ्या दिवशी गुडघे लागले. बोलणं कधी सुरू झालं, आठवत नाही.

मध्यावर दोघींच्या ओळी भेटल्या तेव्हा फरक दिसला. तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे, माझे लांब आणि वाकडे. मी माझे उसवायला घेतले. तिने हात धरला. "राहू दे. कुणाचा टाका कुठला, ते कळू दे."

गोधडी भिंतीवर लावली नाही. सहा महिने तिच्याकडे, सहा महिने माझ्याकडे असं ठरलंय. थंडीचे महिने कुणाचे, यावर अजून वाद आहे. पण तो आता रोज फोनवर चालतो.