बर्फातील वाट

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिच्या उत्तरेस नूर्मार्का नावाचे विस्तीर्ण डोंगराळ अरण्य पसरलेले आहे. शहरातून निघालेली विजेची गाडी डोंगर चढत चढत फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्थानकाशी येऊन थांबते. हा लोहमार्ग १९१६ साली येथवर आला. हिवाळ्यातील रविवारी गाडीतून उतरणाऱ्या आजोबांच्या हाती दोन लांब, अरुंद पट्ट्या असतात आणि त्यांच्या चिमुकल्या नातीच्याही हाती असतात. या पट्ट्या म्हणजे स्की. शब्द मूळचा तिकडचाच; जुन्या भाषेत त्याचा अर्थ फाडलेले लाकूड. नॉर्वेतील लोक त्याचा उच्चार 'शी' असा करतात. आपल्याला तो नाक मुरडल्यासारखा वाटेल. तेथील मुलांना मात्र तो ऐकताच सुट्टी आठवते!

उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येणारे स्कीपटू चित्रांत पुष्कळांनी पाहिले असतील. ही सहल तशी नव्हे. येथे चढही चढायचा असतो, तोही स्वतःच्या पायांनी. बुटाचे टोक तेवढे स्कीला जखडलेले, टाच मोकळी. मग घसरणारी पट्टी पायाखाली असताना चढायचे कसे? स्की मध्यभागी किंचित कमानीसारखी उचललेली असते. त्या भागाला खालून मेण चोळतात. पायाने जोर दिला की कमान दबते, हिमाचे स्फटिक मेणात रुततात आणि स्की जागच्या जागी ठरते. भार हलका झाला की ती सुटते व पुढे सरकते. थंड, कोरड्या बर्फाला कठीण मेण हवे. ओल्या बर्फाला मऊ. निवड चुकली, तर एक पाऊल पुढे आणि दोन मागे, अशी गत होते. अलीकडे मेणाऐवजी केसाळ पट्टी लावलेल्या स्कीही पुष्कळ जण वापरतात.

अशीच एक आठदहा जणांची टोळी अरण्यात शिरते. स्प्रूस वृक्षांच्या फांद्या हिमभाराने खाली वाकलेल्या असतात. मधूनच एखादी फांदी ओझे टाकून देते, पांढरा धुरळा उडतो, आणि पुन्हा सारे निःशब्द. खोडांवरील तांबड्या खुणा हिवाळ्यातील वाट दाखवितात. मुख्य वाटांवर यंत्राने दोन समांतर चर पाडून ठेवलेले असतात. १८८३ साली स्थापन झालेली एक संस्था हे काम पाहते. परंतु आडवाटेला यंत्र येत नाही. तेथे रात्री ताजा हिमवर्षाव झाला, की पहिल्या माणसाने स्वतः वाट पाडायची.

हे काम मोठे कष्टाचे. पुढच्याचे पाय भुसभुशीत बर्फात रुततात, त्याला घाम फुटतो. मागचे मात्र त्याच्या चरांतून सुखाने येतात. म्हणून थोड्या वेळाने पुढचा बाजूला सरतो, सर्वांना जाऊ देतो आणि शेवटी जाऊन मिळतो. दुसरा पुढे होतो. नातही आपली पाळी मागते. तिला वीसच पावले जमतात, पण ती वीस पावले तिच्यामागून सारी टोळी निमूटपणे चालते.

दुपारी आकाश भरून येते. ज्या झोपडीत गरम कोको प्यायचा, ती अजून एक टेकडी पलीकडे. डिसेंबरअखेर येथे सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. तरुणांना पुढे जायचे असते; आजोबा घड्याळ पाहतात. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत या देशातील डोंगरांत १८ माणसे प्राणास मुकली होती. नॉर्वेच्या पर्वतनियमांत वेळीच मागे फिरावे, त्यात लाज नाही, असा एक नियमच आहे. तरुणांचे चेहरे उतरतात. नात तर रडकुंडीलाच येते. तरीही स्की मागे वळतात.

हिम पुन्हा पडू लागलेले असते. सकाळी पाडलेले चर हळूहळू बुजत असतात. पण अजून दिसतात. ज्या चढाने तासभर दमविले, तो आता काही मिनिटांत मागे पडतो. स्थानकाचे दिवे दिसू लागतात. फलाटावर कोणीतरी पिशवीतून संत्री काढतो. ती थंडीने इतकी गारठलेली असतात, की सोलताना बोटे बधिर होतात. कोको राहिला तो राहिलाच. पुढच्या रविवारी लवकरची गाडी धरायची, असे नात सर्वांकडून कबूल करून घेते.