दाराआधीचे दार

मांजरीत उसाचे आणि भाजीचे मळे होते तेव्हा वस्तीला फाटक लागत नसे. कुंपणातल्या वाटेवर बाभळीची फेसाटी ओढली की झाले. ती माणसाला अडवण्यासाठी नसायचीच, गुरे पिकात शिरू नयेत एवढ्यासाठी असायची. मग मळ्यांचे गुंठे झाले, गुंठ्यांवर बंगले आले, 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले आणि घरोघरी पुढे लोखंड उभे राहिले. संध्याकाळी स्टेशनाकडून गावाकडे चालत निघाले की दोन्ही अंगांना फाटकांचीच सोबत असते. त्यातली अलीकडची कितीतरी पत्रा ठोकून पार बंद केलेली. आत जास्वंद फुलली आहे की कुणाच्या आजी तांदूळ निवडत बसल्या आहेत, काही कळत नाही. मला हे मनापासून खटकते. घरातल्यांना आपले फाटक जाता-येता दिसते, रस्त्याला मात्र ते दिवसभर दिसते. तेव्हा फाटक निवडताना रस्त्याच्या बाजूला उभे राहूनही एकदा विचार करावा.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. 1732 मध्ये वाड्याची वास्तुशांत झाली. हत्तीची धडक परतवायला त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत, पण पायी येणाऱ्या माणसासाठी त्याच दरवाजात एक दिंडी दरवाजाही आहे. पेशव्यांना जे सुचले ते आपल्याला दोन गुंठ्यांत का सुचू नये? गाडीसाठी दहा-बारा फुटांचे फाटक हवेच. पण त्यात किंवा त्याच्या शेजारी तीन फुटांची दिंडी ठेवा. दूधवाल्यासाठी, शाळेतून आलेल्या नातवासाठी अख्खे लोखंड ढकलत बसावे लागत नाही. आणि वरचा भाग जाळीचा, गजांचा ठेवा. बाहेरचा दिसला तर आतल्याला धीर येतो. पत्र्याआड शिरलेला चोर शेजाऱ्यांना दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फाटक उभारण्यातली खरी मेहनत मात्र जमिनीखाली असते. नदीकाठची आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर वरवर उभा केलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतो. मग कडी कोयंड्यात बसत नाही, फाटक फरशीला घासू लागते आणि सगळे बिजागरीला बोल लावतात. आमच्या भागातला एक जुना फॅब्रिकेटर मोजमापाला आला तेव्हा त्याने आधी पहार मागितली. म्हणाला, "ताई, डिझाईन मागनं बघू. आधी मुरूम किती खाली लागतोय ते बघू द्या." काळी माती काढून खड्डा मुरमापर्यंत नेला, आत सळईचा पिंजरा उतरवला, काँक्रीट भरले आणि आठवडाभर पाणी मारल्याशिवाय फाटक टांगायचे नाही म्हणून बजावले.

त्याचे काम बघत राहावे असे होते. चौकटीचे चार पाईप जमिनीवर मांडून कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. एक कर्ण थोडा जास्त भरला, तर हातोडीने कोपरा ठोकून दोन्ही सारखे करायचे आणि मगच पक्की वेल्डिंग. झाळ ग्राइंडरने घासून घेतली, तारेच्या ब्रशने गंज काढला, रेडऑक्साईडचे दोन हात दिले. खालच्या आडव्या पाईपला त्याने तळाशी बारीक भोके ठेवली. आत शिरलेले पाणी निथळले नाही तर पाईप आतून कुजतो, आणि बाहेरचा चकचकीत रंग ते कळू देत नाही. पाईप घेताना गेज विचारा. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. बाहेरच्या चौकटीला सोळा गेज बरा, अठरा गेजने पैसे वाचतात पण फाटक लवकर लोंबते.

नंतरची निगा थोडीशीच. मे महिन्यात बिजागऱ्यांना ग्रीस, रंगाचे पोपडे सुटले असतील तिथे घासून प्रायमर आणि ऑइल पेंट. दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधतो, त्याच्या आधी एकदा सगळे नट आवळून घ्यावेत.

बांधकाम नियमावलीप्रमाणे फाटक आपल्याच हद्दीत उघडायला हवे, रस्त्यावर नाही. लहान प्लॉटमध्ये आत गाडी उभी असते, पल्ला फिरायला जागा उरत नाही. म्हणून हल्ली रुळावरची सरकती फाटके फार झाली आहेत. सोय मोठी, पण पाच-सहा फूट उंचीचे ते लोखंड रुळाच्या टोकापुढे गेले किंवा वरच्या गाइडमधून सुटले की आडवेच होते. 2024 च्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलात एका खेळणाऱ्या चिमुरडीच्या अंगावर लोखंडी फाटक कोसळले आणि ती गेली. रुळाच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग करून बसवलेले स्टॉपर आणि वर मजबूत गाइड, एवढ्याला फाटकाच्या किमतीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ येतो. तुमच्या घराला, सोसायटीला, मुलांच्या क्लासला सरकते फाटक असेल तर आजच जाऊन, ते न ओढता, रुळाची दोन्ही टोके आणि वरचा गाइड नीट बघा. स्टॉपर नसेल किंवा वरचा गाइड हलत असेल, तर तो बसवून होईपर्यंत मुलांना त्या फाटकाजवळ जाऊ देऊ नका.