पट्टी उभी राहिली

आमच्या शाळेत एकच संगणक आहे. त्यात विंडोज 10 आहे. पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते. तिला टास्कबार म्हणतात. ती 1995 साली विंडोज 95 मध्ये पहिल्यांदा आली.

शनिवारी माझी पाळी होती. माउसचे बटण दाबलेले राहिले अन् हात सरकला. पट्टी एकदम उजवीकडे जाऊन उभी राहिली! घड्याळ पण तिकडेच गेले. मी ओढून पाहिली, पण येईना. माझ्या पोटात गोळाच आला. आता नाशिकहून माणूस बोलवावा लागणार! मी गपचूप जागेवर जाऊन बसलो.

सोमवारी गुरुजींनी विचारले, "कोणी केलं हे?" सगळ्यांनी माझ्या शेजाऱ्याकडे बघितले, कारण मागे त्याने वायर उपटली होती. तो रडायलाच लागला. मग मी उठलो.

गुरुजी म्हणाले, "ये, तूच लाव." पट्टीच्या मोकळ्या जागेवर डावे बटण दाबून धरायचे आणि खाली ओढायचे. शनिवारी मी चित्र धरून ओढत होतो! नंतर उजवे बटण दाबून 'लॉक द टास्कबार'वर खूण केली. आता ती हलत नाही.

शेजारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज त्याने मळ्यातली द्राक्षे आणली होती. मलाही दिली.

– इयत्ता चौथी