शिक्षक व्हायचंय? आधी एक पाठ घेऊन बघ

संपादकांनी फोनवर विषय सांगितला: हल्लीच्या मुलांना शिक्षक व्हावंसं का वाटत नाही? मी म्हटलं, वाटतं की. दहावीच्या कुठल्याही वर्गात विचारून बघा, दोन-चार हात वर येतात. पुरते येत नाहीत, कोपर बाकावरच टेकलेलं असतं, कारण मागून कुणीतरी फिदीफिदी हसणार हे त्या मुलांना ठाऊक असतं. 'काहीच नाही जमलं तर मास्तर हो' असं ज्या घरांत सहज बोललं जातं, त्याच घरांतली ही मुलं. तेव्हा इच्छेचा तुटवडा नाही. हे काम आपल्याला जमेल का, रुचेल का, हे शाळेत असतानाच तपासून बघायची सोय नाही, हे माझं दुखणं आहे. संपादक म्हणाले, मग त्यावरच लिहा, फक्त तांत्रिक होऊ देऊ नका. बघू.

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. अभ्यासक्रमाचं नाव आता डी.एल.एड. झालंय, पण रिक्षावाल्याला अजूनही 'डी.एड. कॉलेज'च सांगावं लागतं. नव्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात विचारते, इथे का आलात? 'मुलांची आवड आहे', 'आमच्या बाई फार छान शिकवायच्या', 'आई म्हणाली, मुलीच्या जातीला बरं.' ही उत्तरं खोटी नसतात, अपुरी असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली 'स्कूलटीचर' या पुस्तकात हिशेब मांडला होता, की शाळा संपेपर्यंत विद्यार्थी साधारण १३,००० तास शिक्षकांसमोर काढतो. डॉक्टर किंवा वकील होऊ पाहणाऱ्याला आपला पेशा इतका वेळ बघायला मिळत नाही. घोटाळा तिथेच होतो. रोज खानावळीत जेवणाऱ्याला ताट दिसतं, भटारखाना दिसत नाही. बाईंनी तो प्रश्न नेमका त्याच मुलाला का विचारला, उत्तर चुकल्यावर लगेच दुरुस्त न करता शेजारच्याला 'तुला काय वाटतं?' असं का म्हटलं, हे बाकावरून कधीच कळत नाही. लक्षात राहतो तो आवाज, दरारा, फळ्यावरचं अक्षर.

आता थोडं नियमांत शिरावं लागेल. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेद्वारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं शिक्षकांची किमान अर्हता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी मुख्य वाट होती बारावीनंतरची पदविका, म्हणजे आमचं डी.एल.एड., आणि त्यावर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. २८ जून २०१८ ला परिषदेनंच वेगळं दार उघडलं: बी.एड. झालेलेही चालतील, नेमणुकीनंतर त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करावा. राजस्थान उच्च न्यायालयानं ही अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेढे वाटले गेले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माझे बी.एड.वाले मित्र अजून रागावलेले आहेत. पदवीधराला पहिलीचं गणित शिकवता येत नाही का, असं ते विचारतात. गणित येतं हो, प्रश्न पहिलीतल्या मुलाचा आहे. 'एकवीस' ऐकून मूल १२ लिहितं, कारण कानावर आधी 'एक' पडतो आणि मग 'वीस'. हे मूल ढ नाही, ते नीट ऐकतंय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गात एक तास तरी कोण उभं राहिलं होतं? लहान मुलांना शिकवणं सोपं, कारण मुलं लहान आणि आकडेही लहान, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतच जास्त आहे.

विषयांतर झालं, पण अगदीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या एका परिणामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आता ज्याला प्राथमिकला शिकवायचंय, त्यानं बारावीनंतरच ही वाट धरलेली बरी. पदवी आणि बी.एड. होऊन मग लहान मुलांकडे वळायचं म्हटलं, तर पदविकेपासून पुन्हा सुरुवात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही बारावीनंतरच सुरू होतो आणि २०३० पर्यंत तीच किमान अर्हता व्हावी, असं धोरण म्हणतं. असे एकात्मिक अभ्यासक्रम भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत १९६० च्या दशकापासून चालत आले आहेत आणि महाराष्ट्र त्याच संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो. आपल्या किती शाळांनी हे दहावी-बारावीच्या मुलांना कधी सांगितलंय? निर्णयाचं वय अलीकडे आलं, निर्णयासाठी लागणारा अनुभव मात्र कुणी अलीकडे आणला नाही. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य अशी सात क्षेत्रं होती. गणवेशधारी सेवांना त्यात स्वतंत्र स्थान होतं. शिक्षणाला नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, अनुभव द्यायची जागा आपल्याकडे आयती आहे. ५ सप्टेंबरचा स्वयंशासन दिन. नववी-दहावीची मुलं एक दिवस शाळा चालवतात. मुली आईची साडी नेसून, गजरा माळून येतात, एखादा उंच मुलगा मुख्याध्यापक होतो, सगळ्यात खोडकर पोरगा आवर्जून शिपाईमामा होऊन घंटा बडवतो. खरे शिक्षक स्टाफरूममध्ये भजी खातात. शेवटी मनोगतं. 'आज आम्हाला कळलं, आमच्या शिक्षकांना आम्ही किती त्रास देतो', हे वाक्य मी इतक्या शाळांत ऐकलंय की ते शालेय परिपाठातच घालावं. समोरचं मूल आज काय शिकलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी माण तालुक्यातल्या एका शाळेनं मला या दिवशी पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी खुर्ची सोडून सहावीच्या वर्गात मागे जाऊन बसले. नववीतली एक मुलगी अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवत होती. एक अष्टमांश मोठा की एक पंचमांश? एक मुलगा म्हणाला, एक अष्टमांश, कारण आठ मोठे. हे अपेक्षितच. तिनं नियम सांगितला: छेद मोठा, तर अपूर्णांक लहान. वर्गानं तालात म्हटला. मग तिनं फळ्यावर लिहिलं ५/८ आणि २/५. तोच मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, ५/८ लहान, कारण छेद मोठा. वर्ग हसला. ती हसली नाही. खडू हातात धरून ती काही क्षण फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थांब. तू मी सांगितलं तसंच केलंस. मी नियम अर्धाच सांगितला." अंश सारखे असतील तेव्हाच तो नियम चालतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. मग तिनं विचारलं, "आठातले पाच, म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी? आणि पाचातले दोन?" मुलगा खाली बसला तो बरोबर उत्तर देऊन.

अर्ध्याशी तुलना करण्याची ही युक्ती मला दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापकांना शिकवावी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीच्या उत्तराचा माग काढत ती स्वतःच्या शिकवण्यापर्यंत पोचली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली याच प्रकारच्या ज्ञानाला वेगळं काढून नाव दिलं, आमच्याकडे बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन' नावाचा विषय त्याच्या जवळपास जातो. गणित येणं वेगळं, आणि गणित येत नसलेल्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखता येणं वेगळं. त्या दिवशी 'उत्कृष्ट शिक्षिका' म्हणून नारळ आणि गुलाबपुष्प दुसऱ्याच मुलीला मिळालं. तिचा वर्ग सर्वांत शांत होता.

संध्याकाळी त्या अपूर्णांकवाल्या मुलीचे वडील भेटले. एसटीत वाहक आहेत. म्हणाले, "पोरगी शिकवतीय चांगली, ते दिसतंय मॅडम. पण हे सगळं केल्यावर ऑर्डर कधी हातात पडते, तेवढं सांगा." मी सांगितलं ते असं: पदविका दोन वर्षं. मग टीईटी, १५० गुणांची. मग टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं. मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम. निवड झाली तर तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० रुपये. तेही २०२३ पासून, त्याआधी ६,००० होते. यात एक वर्ष सांगता येईना: भरतीचं. २ मे २०१२ ला भरती थांबली, टेट पहिल्यांदा झाली २०१७ च्या डिसेंबरात, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये. या दोन परीक्षांच्या मध्ये पदविका घेतलेली माझी मुलं-मुली कुणी शिकवणी घेत, कुणी मेडिकलच्या दुकानात हिशेब लिहीत बसली. आणि ज्या परीक्षेच्या नावातच 'अभियोग्यता' आहे, तिच्यात उमेदवारासमोर एकदाही मूल येत नाही, संगणक येतो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'बघू' म्हणाले. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते मंत्रालयात आहे. त्या मुलीला या वाटेला लावावं का, यावर माझं मन अजून हेलकावे खातं.

पण जमतं का हे कळणं आणि नोकरी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली शाळेच्या हातात आहे. आमच्याकडे सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात सुरू झाला. सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, मोजकीच मुलं. मग सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे अभिप्राय, बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं तोच पाठ, पुन्हा सहा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटं झाली. एका तासिकेत बसतं. (संपादक, तांत्रिक झालं, माफ करा.) यातलं खरं मोल दुसऱ्यांदा घेतलेल्या पाठात आहे. पहिला पाठ फसतोच. फसल्यावर तोच पाठ पुन्हा घ्यावासा वाटणारी मुलं वेगळी असतात आणि ती ओळखू येतात. ज्यांना वाटत नाही, त्यांनाही वेळेवर कळतं. पदविकेची दोन वर्षं वाचतात.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती. साडी, गजरा, घंटा सगळं राहू द्या. पण दहावीतल्या ज्या मुलामुलींचे हात वर येतात, त्यांना पंधरा दिवस आधी एक छोटा घटक द्या, टाचण लिहायला लावा आणि त्या तासाला स्वतः शेवटच्या बाकावर वही घेऊन बसा. पाठ संपल्यावर 'छान झाला' म्हणू नका. कोणाला काय कळलं नाही, ते त्यांनाच शोधू द्या आणि दुसऱ्या तुकडीवर तोच पाठ पुन्हा घ्यायला सांगा. मदत लागली तर जवळच्या अध्यापक विद्यालयाला एक पत्र टाका. आमच्याकडे सध्या जागा रिकाम्या आहेत, म्हणजे वेळही आहे, आम्ही येऊ.